दार प्रकल्प: सतरा नंबर आणि बारा व्होल्ट

आमच्या यार्डातल्या देखभाल वहीतल्या या नोंदी. काम कर्मचारी ने-आणीचं, पट्टा हिंजवडी, वाकड, पिंपळे सौदागर. गाड्या इलेक्ट्रिक, हिरव्या पाटीवर पिवळे आकडे. वॉरंटीचा वाद सुरू असताना लिहिल्यामुळे गाडीची कंपनी आणि सर्व्हिस सेंटर यांची नावं घातलेली नाहीत.

दारांची रचना आधी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. बाहेरचं हँडल पत्र्यात बसलेलं असतं, किल्ली जवळ आली की मोटर ते बाहेर ढकलते. दार उघडायला केबल ओढली जात नाही. बटणाचा संदेश जातो आणि लॅचमधली, म्हणजे दार धरून ठेवणाऱ्या खटक्यातली, छोटी मोटर दार सोडते. पुढच्या दारांना आतून कडी आहे. ती अर्धी ओढली तर मोटर चालते, पुरती ओढली तर केबलने दार उघडतं. मागच्या दारांना मात्र आतून फक्त बटण. केबल तिथेही आहे, पण दाराच्या खणात, एका प्लॅस्टिकच्या टोपणाखाली, रबरी मॅटच्या मागे.

८ सप्टेंबर २०२५, सोमवार

पहाटे साडेचारला सतरा नंबर गाडीच्या चालकाचा, काकांचा फोन. "साहेब, सतरा नंबर मेलीय. हँडलच बाहेर येईना, किल्लीला पण दाद देत नाही." शनिवारी विसर्जन होतं, रस्ते बंद होणार म्हणून दुपारीच गाड्या यार्डात लावल्या होत्या. रविवारी सुट्टी. पहिली पिकअप बुडाली, कंपनीच्या ट्रान्सपोर्ट डेस्कचा ओरडा खाल्ला, नऊ नंबर पाठवली.

किल्लीच्या पोटातली धातूची पाती काढून ड्रायव्हरच्या दाराच्या टोपणाखालचं कुलूप उघडलं. बॉनेटचा खटका गाडीच्या आत, म्हणजे आत शिरल्याशिवाय बॅटरीपर्यंत हात पोचत नाही. मीटर लावला: ६.२ व्होल्ट. उभ्या गाडीत भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते. १२ च्या खाली गेली की ती उतरलीच समजायची.

नव्या चालकांना हे पटत नाही. मोठी बॅटरी सत्तर टक्के भरलेली, मग गाडी मेली कशी? मोठी बॅटरी चाकं फिरवते. दारं, दिवे, स्क्रीन, आणि मोठ्या बॅटरीला गाडीशी जोडणारे कॉन्टॅक्टरसुद्धा, सगळं बारा व्होल्टच्या छोट्या बॅटरीवर. गाडी सुरू झाली की मोठी छोटीला चार्ज करते. या मॉडेलमध्ये गाडी बंद असताना करत नाही.

रोडसाइडची गाडी उन्हं वर आल्यावर आली. मुलाने जंप दिला, गाडी उठली, कागदावर शेरा मारला: "वापर नसल्याने बॅटरी डिस्चार्ज." शनिवार दुपार ते सोमवार पहाट, यात वापर नसणं आलंच कुठे? लोक लोहगाव विमानतळाच्या पार्किंगमध्ये गाडी लावून आठवडाभर गावाला जातात.

११ सप्टेंबर, गुरुवार

छोटी बॅटरी चार्ज करून दुकानातून लोड टेस्ट करून आणली. बॅटरी चांगली आहे, ३५ अँपिअर-तासांची. म्हणजे गाडी उभी असताना कुणीतरी वीज पितंय.

काकांनी सहज सांगितलं की खड्ड्यात गाडी आदळली की कधी कधी डावीकडचं मागचं दार उघडं असल्याचं चिन्ह पेटतं. "आपटून लावलं की जातं." नोंद करून ठेवतो.

१५ सप्टेंबर, सोमवार

रात्रभर पाऊस. सतरा पुन्हा मेली, पुन्हा रविवारनंतर. या वेळी रोडसाइडची वाट पाहिली नाही. आपलाच बूस्टर, म्हणजे जंप द्यायचा संच, लावून पंधरा मिनिटांत रस्त्यावर. यार्डात बूस्टर होता म्हणून बरं. रस्त्यात मेली असती तर गाडी पार्कमध्ये अडकते, चाकं जाम राहतात, ओढून नेता येत नाही. फ्लॅटबेड, म्हणजे गाडी पाठीवर घेऊन जाणारा ट्रकच लागतो, आणि पावसात फ्लॅटबेड मिळणं म्हणजे नशीब.

एक गोष्ट पक्की: मंगळवार ते शनिवार ही गाडी कधीच मरत नाही. मेली की सोमवारी.

१७ सप्टेंबर, बुधवार

आजची नोंद लाल पेनने.

काल रात्री दोनच्या ड्रॉपला वाकडमध्ये डावीकडचं मागचं दार आतून उघडेना. गाडी चालू, बॅटरी ठणठणीत, तरी बटण मेलेलं. मागे डावीकडे बसलेल्या ताईंना सरकून उजव्या बाजूने, रहदारीच्या अंगाला उतरावं लागलं. मागून आलेला दुचाकीवाला थोडक्यात चुकला. काकांनी बाहेरून प्रयत्न केला, हँडल अर्धं बाहेर येऊन थांबलं. टोपणाखालची केबल काकांना माहीत नव्हती. माहीत असायचं कारणही नाही, डिलिव्हरीच्या वेळी ती कुणी दाखवलीच नाही.

ट्रान्सपोर्ट डेस्कचा ईमेल सकाळी सातला. बरोबर आहे त्यांचं. टॅक्सी परवान्याच्या गाड्यांत मागच्या दारांना चाइल्ड लॉक चालत नाही, हा नियम १ जुलै २०१९ पासून आहे. त्याचं कारणच हे की प्रवाशाला आतून कधीही उतरता आलं पाहिजे. इथे लॉक नाही, पण परिणाम तोच.

सतरा नंबर ड्युटीवरून काढली. किल्ली माझ्या खणात.

सर्व्हिस सेंटरला फोन. "सर, डोअर इश्यू ना? २९ तारखेची अपॉइंटमेंट देऊ का?" त्यांच्या स्क्रीनवर डोअर इश्यू म्हणजे खडखडणारं पॅनल, न चढणारी काच. त्या रांगेत आपण बाराव्या दिवशी. म्हणून फोन ठेवला आणि ईमेल लिहिला. विषय: "चालू गाडीत प्रवासी आतून दार उघडू शकला नाही. सुरक्षेचा दोष." खाली गाडीचा चासी नंबर, किलोमीटर, वेळ, ठिकाण, काकांनी मोबाइलवर घेतलेला अर्ध्या हँडलचा व्हिडिओ, ८ आणि १५ तारखेची व्होल्टेजं. शेवटी एकच प्रश्न: ही गाडी प्रवासी घेऊन चालवणं सुरक्षित आहे, असं तुम्ही लेखी देता का?

तासाभरात एरिया सर्व्हिस मॅनेजरचा फोन. मोबाइल टेक्निशियन उद्या.

शेठ म्हणाले, आरडाओरडा केला असता तर आजच आला असता. नसता आला. ओरडणारे त्यांच्याकडे रोज असतात, लेखी विचारणारे कमी.

१८ सप्टेंबर, गुरुवार

टेक्निशियन पोरगा चांगला होता, पण लॅपटॉप उघडायच्या आधीच त्याचं निदान तयार होतं. "सर, तुम्ही बाहेरचं काहीतरी लावलंय." बाहेरचं म्हणजे लोकेशन ट्रॅकर आणि पॅनिक बटण. अहो, एआयएस-१४० या सरकारी मानकाचा ट्रॅकर प्रवासी वाहनाला सक्तीचा आहे, हौस म्हणून नाही लावला. तरी म्हटलं, काढून बघू. त्याआधी मोजणी.

मोजणी कशी केली ते सविस्तर लिहितो, पुढे कुणालाही लागेल. चारही दारं लावली. बॉनेट उघडंच ठेवावं लागतं, म्हणून त्याचा लॅच स्क्रूड्रायव्हरने दाबून बंद केला, म्हणजे गाडीला बॉनेट लागलंय असं वाटतं. किल्ली ऑफिसात, कपाटात, लांब. बॅटरीच्या निगेटिव्ह वायरला डीसी क्लॅम्प मीटर, वायरीतून किती वीज जाते ते दाखवणारा. मग नुसतं थांबायचं. गाडीतले संगणक एकेक करून झोपतात, अर्धा-पाऊण तास लागतो. सुरुवातीला आकडा ८ अँपिअरच्या वर होता, मग ३, मग २ च्या खाली. शहाणी गाडी ०.०३ ते ०.०५ वर जाऊन निजते. सतरा ०.८५ वर अडली ती अडलीच.

ट्रॅकरचा फ्यूज उपसला. ०.८१. पोरगा गप्प.

मग आमचे वायरमन मामा पुढे आले आणि डाव्या मागच्या दारावर, लॅचच्या जरा खाली, मुठीने एक ठोसा दिला. आकडा काही सेकंद उड्या मारत राहिला आणि हळूहळू घसरत ०.०३ वर आला. मामांनी परत ठोसा दिला. आत कुठेतरी रिले टकटकला, आकडा पुन्हा वर.

दार उघडं आहे की बंद, हे लॅचमधला एक चिमुकला स्विच सांगतो. तो मधल्या मधे अडकला की गाडीला वाटतं दार उघडं आहे, माणूस आत-बाहेर करतोय, झोपायचं नाही. ०.८५ अँपिअर गुणिले अडतीस तास, ३२ अँपिअर-तास. बॅटरी ३५ ची. शनिवार-रविवारचा हिशेब जुळला. आठवड्याच्या दिवसांत गाडी पाच-सहा तासच उभी असते, चार-पाच अँपिअर-तास जातात, पहिल्याच फेरीत भरून निघतात. म्हणून सोमवार.

एका दाराचा बिघडलेला स्विच बॅटरी मारतो, आणि मेलेली बॅटरी चारही दारं बंद करते. सर्व्हिसच्या कागदांवर मात्र या दोन वेगळ्या तक्रारी: एक बॅटरी, एक दार. दोन वेगळे जॉबकार्ड, दोन वेगळे शेरे. एकत्र लावून कुणी वाचलेच नाहीत.

पोराने लॅपटॉपमधून कोड काढला: लॅच स्विचचा सिग्नल संशयास्पद. म्हणाला, आधी सॉफ्टवेअर अपडेट करून बघू. करू द्या. अपडेटनंतरही मामांच्या ठोशाला गाडी तशीच जागी होते.

रात्री बातम्यांत: अमेरिकेच्या वाहन सुरक्षा संस्थेने २०२१ च्या टेस्ला मॉडेल वायच्या दारांची चौकशी सुरू केलीय, सुमारे १ लाख ७४ हजार गाड्या. तक्रारी ओळखीच्या: कमी व्होल्टेज, बाहेरचं हँडल काम करेना, मागच्या सीटवर मूल. काही आईबापांना काच फोडावी लागली. बातमीची प्रिंट फाइलला लावली.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

सर्व्हिस सेंटरमध्ये दाराचं आतलं पॅनल उघडलं. मी आणि मामा शेजारी उभे. ग्राहकाने आत उभं राहायचं नाही असा बोर्ड आहे, पण एरिया मॅनेजरला फोन लावल्यावर बोर्ड आडवा आला नाही.

पॅनलच्या मागे एक प्लॅस्टिकचा पडदा असतो. काचेवरून दारात उतरणारं पाणी त्याच्या पलीकडेच राहून खालच्या भोकांतून बाहेर जायला हवं. इथे पडदा मागच्या कोपऱ्यातून सुटलेला आणि खाकी पॅकिंग टेपने चिकटवलेला. टेप भिजून लोंबत होती. खालची भोकं हिंजवडीच्या चिखलाने बंद. दार हलवलं की आत पाणी डुचमळत होतं. मामांनी तारेने भोक मोकळं केलं तर पाव बादली गढूळ पाणी पडलं. लॅचचा कनेक्टर काढला, दोन पिना हिरव्या. सतरा तारखेला बटण का मेलं त्याचं उत्तर तिथेच.

आता वाद. ॲडव्हायझर: "पाणी शिरलं म्हणजे बाहेरचं कारण, वॉरंटीत नाही." पावसाचं पाणी दारात शिरतंच. प्रत्येक गाडीच्या प्रत्येक दारात शिरतं, म्हणून तर भोकं ठेवतात. प्रश्न पडदा कुणी फाडला हा. मी एप्रिलचं जॉबकार्ड काढलं. एप्रिलमध्ये हेच दार ठोकलं गेलं होतं, इन्शुरन्समधून काम झालं, आणि ते झालं याच कंपनीच्या अधिकृत बॉडीशॉपमध्ये. खाकी टेप त्यांची. जॉबकार्डावर सही, शिक्का, तारीख. ॲडव्हायझर "साहेबांशी बोलून येतो" म्हणून गेला. चहा आला. म्हणजे बाजू फिरली होती.

वॉरंटी मान्य. पण लॅच डेपोत नाही, "बॅकऑर्डर". तोवर कनेक्टर साफ करून, वाळवून, ग्रीस भरून परत लावला. पडद्याला ब्यूटाइलची काळी चिकट दोरी, टेप नव्हे. गाडी प्रवाशांशिवाय, फक्त यार्डात.

२३ सप्टेंबर, मंगळवार

शेठना ग्राहक न्यायालयात जायचंय. वकिलांशी बोलणं झालं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूचा मालक ग्राहक धरत नाहीत. पोट भरायला स्वतः गाडी चालवणारा मात्र ग्राहक आहे. म्हणजे आमच्या बारा गाड्यांना तो रस्ता अवघड, पण आमच्याकडे अटॅच केलेल्या स्वतःच्या एकाच गाडीवर संसार चालवणाऱ्या एका चालकदादांना तो मोकळा. त्यांना १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन लिहून दिली. गाडी तीच, दार तेच, दोष तोच, कायद्याच्या दृष्टीने माणूस वेगळा.

आमच्यासाठी दुसरा मार्ग: परिवहन मंत्रालयाच्या वाहन पोर्टलवर रिकॉलसाठी तक्रार. सात वर्षांच्या आतल्या गाडीची घेतात. एका तक्रारीने काही हलत नाही, त्या मॉडेलच्या विकलेल्या गाड्यांच्या प्रमाणात पुरेशा तक्रारी जमल्या तर चौकशी. तरी टाकली. व्हिडिओ, मोजणीचे आकडे, दोन्ही जॉबकार्डं जोडली.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

चीनच्या उद्योग मंत्रालयाने दारांच्या हँडलसाठी नियमांचा मसुदा काढलाय: वीज नसली तरी आतून-बाहेरून हाताने उघडता आलं पाहिजे. बघू, आपल्याकडे कधी येतं ते. गाड्यांची चाचणी करणारी एआरएआय संस्था आपल्या कोथरूडात आहे, फार लांब नाही.

तोवर आपलं आपण. दुपारी सगळ्या चालकांना यार्डात बोलावलं. प्रत्येकाने मागच्या सीटवर बसायचं, डोळे मिटायचे, केबल शोधून दार उघडायचं. पहिल्या फेरीत निम्म्यांना टोपणच सापडेना. टोपण गुळगुळीत, नखाने उचकटावं लागतं, आणि वर रबरी मॅट. एका दादांची बोटं जाड, त्यांनी वैतागून टोपणच तोडलं आणि म्हणाले, "हे बरंय." मलाही तेच बरं वाटलं. सगळ्या गाड्यांची मागची टोपणं काढली, केबलच्या टोकाला लाल नायलॉनची दोरी बांधली, मॅट कापली. वर मराठी-हिंदीत स्टिकर: "दार न उघडल्यास लाल दोरी ओढा."

काच फोडायचे हातोडे प्रत्येक गाडीत आहेत. काचेच्या कोपऱ्यातले शिक्के तपासले. बाजूच्या काचा टेम्पर्ड आहेत, कोपऱ्यात मारलं तर फुटतील. पुढची लॅमिनेटेड, तिच्यावर हातोडा वाया. चालकांना हेही दाखवलं.

३० सप्टेंबर, मंगळवार

दसरा गुरुवारी. बऱ्याच कंपन्यांत शुक्रवारचीही सुट्टी टाकलेली, म्हणजे गाड्या बुधवार रात्रीपासून सोमवारपर्यंत उभ्या. त्याआधी सगळ्यांची मोजणी उरकली. नऊ नंबर ०.४ वर अडली. तिच्या मागच्या दारांना मामांनी भरपूर ठोसे दिले, काही फरक नाही. शेवटी डॅशकॅम निघाला, आधीच्या चालकाने थेट कायम सप्लायवर जोडलेला. इग्निशनच्या फ्यूजवर घेतला, ०.०४. बाकी ठीक.

सगळ्या दारांची खालची भोकं तारेने साफ. हे काम आता दर पावसाळ्यात जून आणि ऑगस्टमध्ये, तक्त्यात लिहिलंय.

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. गाड्या धुतल्या, झेंडूच्या माळा. चालकांना सांगितलं, हळद-कुंकू हँडलच्या फटीत भरू नका, पुसायला मीच येतो मग. सतराच्या बॅटरीला मेंटेनर चार्जर लावून ठेवला. बाकी गाड्यांच्या किल्ल्यांच्या पात्या ऑफिसच्या खिळ्यावर, नंबर लावून.

६ ऑक्टोबर, सोमवार

पहाटे सगळ्या गाड्या उठल्या. काकांचा फोन नाही म्हणून मीच केला.

लॅच आलं. दुपारी बसवलं. जुनं लॅच मागितलं. वॉरंटीचा पार्ट परत द्यावा लागतो म्हणाले, तर फोटो काढून घेतले, स्विचचा आणि हिरव्या पिनांचा.

८ ऑक्टोबर, बुधवार

दोन रात्री मोजणी: ०.०३, ०.०३. खड्ड्यांतून फिरवून आणली, दाराचं चिन्ह पेटलं नाही. एरिया मॅनेजरकडून लेखी आलं की गाडी प्रवासी वाहतुकीला योग्य आहे. मूळ ईमेलमधल्या प्रश्नाचं हे उत्तर यायला तीन आठवडे लागले. ट्रान्सपोर्ट डेस्कला प्रत पाठवली. सतरा उद्या पहाटेच्या पिकअपला.

लॅचचं बिल शून्य. सर्व्हिस सेंटरला नेताना लागलेल्या फ्लॅटबेडचे पैसे मात्र आमच्या खात्यावर टाकलेत. एप्रिलच्या जॉबकार्डाची प्रत जोडून ते परत मागणारा ईमेल आज पाठवला.